जुन्या मोटारीच्या इंजिनातील विद्युत बिघाडाचे निदान : भाराखालील मापनाचे महत्त्व

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने बांधलेली पद्मिनी ही मूळच्या फियाट ११०० या इटालियन मोटारीची भारतीय आवृत्ती होय. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेल्या अखेरच्या पद्मिनीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. तथापि हौशी मालकांनी जपलेल्या अनेक गाड्या अद्याप चालू स्थितीत आहेत. त्यांच्या १०८९ घन सें.मी. क्षमतेच्या इंजिनात संगणक नाही, संवेदक नाहीत आणि बिघाडाचा सांकेतिक क्रमांक दाखविणारी कोणतीही सोय नाही. त्यामुळे सदोष भाग शोधण्यासाठी केवळ तर्क आणि मापन यांचाच आधार घ्यावा लागतो. प्रत्यक्षात मात्र कॉईल, कंडेन्सर, सी.बी. पॉइंट आणि प्लग एकामागून एक बदलले जातात व गाडी पुन्हा बंद पडते. यास निदान न म्हणता अदलाबदल म्हणणेच योग्य ठरेल.

या मोटारीतील प्रज्वलनाची रचना अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने विसाव्या शतकाच्या प्रारंभी विकसित केलेल्या पद्धतीची आहे. सी.बी. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीतील विद्युतधारा कॉईलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहते व तेथे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. पॉइंट उघडताच धारा खंडित होते, क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचे विभवांतर उत्पन्न होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर ही धारा झटकन तोडण्यास साहाय्य करतो. तो निकामी झाल्यास पॉइंट जळतात आणि ठिणगी क्षीण होते.

आता एक नेहमी आढळणारे लक्षण विचारात घेऊ. सेल मारला असता इंजिन फिरते, पण सुरू होत नाही. तीच गाडी धक्का देताच सुरू होते. कॉईलवर मीटर लावल्यास पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. सबब कॉईलपर्यंतचा मार्ग निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढला जातो. चूक नेमकी येथेच होते. मापन करताना पॉइंट उघडे असतील, तर परिपथातून धारा वाहतच नाही. आणि धारा नसेल, तर ओहमच्या नियमानुसार गंजलेल्या जोडावरही विभवांतर पडत नाही. मीटर खोटे सांगत नाही. त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो.

समजा, कॉईलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध ३ ओहम आहे. १२ व्होल्टला त्यातून ४ अँपिअर धारा वाहील. इग्निशन स्विचच्या झिजलेल्या संपर्कात १ ओहम रोध निर्माण झाल्यास धारा ३ अँपिअरवर येते. कॉईलमध्ये साठणारी ऊर्जा धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती मूळच्या सुमारे ५६ टक्केच उरते. स्टार्टरच्या भाराने बॅटरी १० व्होल्टपर्यंत उतरली, तर धारा २.५ अँपिअर आणि ऊर्जा जेमतेम ३९ टक्के होते. धक्का देताना स्टार्टरचा भार नसतो. म्हणूनच तेव्हा ठिणगी पुरेशी पडते.

तेव्हा मापन भाराखालीच करावयास हवे. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणावेत, इग्निशन चालू करावे आणि मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन ध्रुवावर व दुसरे कॉईलच्या पुरवठ्याच्या टोकावर ठेवावे. निर्दोष मार्गावर अर्ध्या व्होल्टहून कमी वाचन येते. वरील उदाहरणात ते ३ व्होल्ट येईल. त्यानंतर स्विचच्या आधी व नंतर तेच मापन केल्यास दोष कोणत्या तुकड्यात आहे ते दोन-तीन वाचनांत निश्चित होते. (या स्थितीत इग्निशन फार वेळ चालू ठेवू नये, कॉईल तापते.) ज्या गाड्यांत कॉईलसोबत वेगळा रोध मुद्दाम जोडलेला असतो, तेथे हे आकडे अर्थातच बदलतील.

परतीचा मार्ग, म्हणजे अर्थिंग, याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पॉइंट मिटलेले असताना कॉईलचे दुसरे टोक आणि बॅटरीचा ऋण ध्रुव यांमधील वाचन एक-दोन दशांश व्होल्टच्या आत असावे. ते अधिक असल्यास पॉइंटचा पृष्ठभाग, डिस्ट्रिब्युटरमधील लवचीक तार आणि इंजिन व बॉडी यांना जोडणारी पट्टी या क्रमाने तपासावे. ही पट्टी गंजली असता स्टार्टरची प्रचंड धारा ॲक्सिलरेटर किंवा चोकच्या केबलमधून वाट काढते. सेल मारताना केबल गरम लागणे हे त्याचेच चिन्ह होय. किनारपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत असे जोड लवकर खराब होतात.

गाडी तापल्यावर बंद पडणे आणि थंड झाल्यावर सुरू होणे, हा प्रकार अधिक फसवा आहे. कॉईलच्या आतील तुटकी तार उष्णतेने प्रसरण पावून विलग होते, तसेच नळीतील पेट्रोलची वाफ होऊनही इंजिन थांबते. लक्षण एकच असल्याने गाडी थंड झाल्यावर केलेली तपासणी निरुपयोगी ठरते. बंद पडल्या क्षणीच ठिणगी पाहावी लागते. ती जोमदार असेल, तर विजेचा माग सोडून पेट्रोल पंपाकडे वळावे.