नवेगाव राष्ट्रीय उद्यान

महाराष्ट्र राज्याच्या गोंदिया जिल्ह्यातील एक डोंगराळ वनोद्यान व वनमुक्कामाचे स्थळ. क्षेत्रफळ १३३.८८ चौ. किमी. हे अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोंदियाच्या दक्षिणेस सु. ६५ किमी. अंतरावर नवेगावबांध या गावाजवळ आहे. उद्यानाची स्थापना १९७५ मध्ये झाली. त्या वेळी हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात मोडत असे. १ मे १९९९ रोजी त्या जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. डिसेंबर २०१३ मध्ये स्थापन झालेल्या नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे राज्यातील पाचव्या व्याघ्र प्रकल्पात, या उद्यानाचा समावेश आहे. प्रकल्पाचे गाभाक्षेत्र साडेसहाशे चौ. किमी.हून थोडे अधिक असून ते गोंदिया व भंडारा या दोन जिल्ह्यांत विभागलेले आहे.

येथे मुक्कामास येणाऱ्यास जे अस्पर्श अरण्य वाटते, त्याचे केंद्र असलेला जलाशय मात्र मानवनिर्मित आहे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी याने टेकड्यांमधील खिंडी मातीच्या बांधांनी अडवून सु. ११ चौ. किमी. विस्ताराचा हा तलाव निर्माण केला, असे मानले जाते. सभोवतीच्या सात टेकड्यांना ‘सातबहिणी’ म्हणतात. कोलू पाटलास पुढे देवत्व प्राप्त झाले व कोलासूर या नावाने त्याची पूजा होऊ लागली.

वैनगंगेच्या खोऱ्यात रान तोडून वसाहत करणाऱ्यांत कोहळी जमातीचा वाटा मोठा आहे. भात व ऊस पिकविणे आणि त्यांसाठी तलाव बांधणे, यांत ही जमात निष्णात होती. चांद्याच्या गोंड राज्यात तलाव बांधणाऱ्यास त्याखालील जमीन इनाम देण्याची प्रथा असून अशा इनामास ‘तुकूम’ म्हणत. पुढे हे तलाव मालगुजारांकडे आले व मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाल्यावर ते शासनाच्या ताब्यात गेले. जुन्या वसाहतींना जोडणारा नागपूर-रायपूर मार्ग उद्यानाच्या उत्तरेकडून साकोली व देवरीवरून जातो. ब्रिटिश अमदानीत त्यास ‘ग्रेट ईस्टर्न रोड’ हे नाव होते. आज तो राष्ट्रीय महामार्ग क्र. ५३ आहे. नवेगाव व नागझिरा या दोन वनखंडांमधील वन्य प्राण्यांचा संचारमार्ग हाच रस्ता छेदतो.

वने उष्णकटिबंधीय शुष्क पानझडी प्रकारची असून त्यांत साग, ऐन, बीजा, धावडा, तेंदू, मोह व बांबू हे प्रमुख आहेत. बिबट्या, अस्वल, गवा, सांबर, चितळ, नीलगाय व रानकुत्री हे प्राणी येथे आढळतात. हिवाळ्यात तलावावर स्थलांतरित बदके उतरतात. व्याघ्र प्रकल्पातील वाघांची संख्या वाढावी, म्हणून मे २०२३ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडण्यात आल्या. एप्रिल २०२४ मध्ये तिसरी सोडली गेली. या वनाची व पक्ष्यांची ओळख मराठी वाचकांस प्रामुख्याने मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांच्या लेखनामुळे झाली. वनाधिकारी म्हणून ते येथे राहिले होते व *नवेगावबांधचे दिवस* हे त्यांचे पुस्तक त्याच वास्तव्यावर आधारलेले आहे.

तलावाकाठचे पर्यटन संकुल हे वनमुक्कामाचे परंपरागत ठिकाण होय. मात्र वनात कोठेही तंबू ठोकण्याची मुभा नाही. सर्वोच्च न्यायालयापुढील प्रकरणानंतर ऑक्टोबर २०१२ मध्ये लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पर्यटनासाठी नवे बांधकाम करता येत नाही आणि गाभ्याचा २० टक्क्यांहून अधिक भाग पर्यटनास खुला ठेवता येत नाही. सूर्यास्तानंतर पर्यटकांच्या वाहनांस वनात थांबता येत नाही. यास नियंत्रित अपवाद म्हणजे बुद्धपौर्णिमेची प्राणिगणना. राज्याच्या संरक्षित वनांत वन विभाग ‘निसर्गानुभव’ या उपक्रमाखाली निवडक नागरिकांस त्या रात्री पाणवठ्याजवळील मचाणावर बसू देतो. उन्हाळ्यात पाणी मोजक्याच ठिकाणी उरते व चांदण्यात प्राणी ओळखता येतात, हे ती रात्र निवडण्याचे कारण. मचाणावर जाणाऱ्याने दुपारी चढावे, सकाळी उतरावे, बोलू नये, उजेड करू नये व उग्र वासाचे पदार्थ नेऊ नयेत, असा दंडक असतो.

हे निर्बंध केवळ वन्य प्राण्यांसाठी नाहीत. तलावाच्या पाण्यावर खालच्या बाजूची भातशेती अवलंबून आहे आणि जिल्ह्यातील तलावांत मासेमारी हे धीवर समाजाचे उपजीविकेचे साधन आहे. काठावर टाकलेला कचरा व मैलापाणी पावसाबरोबर याच पाण्यात उतरते. मोहफुलांच्या हंगामात विझविल्याविना सोडलेल्या शेकोटीने वाळलेला पालापाचोळा पेटून वणवा लागू शकतो. ज्यांनी बांध घातला त्यांनी रानाचा काही भाग पाण्याखाली घालून शेती व वस्ती उभारली. त्याच पाण्याच्या आश्रयाने उरलेले रान टिकले. त्यामुळे येथे मुक्काम करणारा शेती, मासेमारी व वन्य जीवन या तिन्हींच्या सामाईक पाण्याचा वापर करीत असतो, आणि मुक्कामाची मर्यादाही त्याच पाण्याने ठरते.