नडगी, बूट आणि न्यूटन

पहाटे कात्रजच्या तलावाच्या बाजूला गेलात, तर फिरायला निघालेल्या मंडळींबरोबर धावणारी मुले-मुलीही दिसतील. त्यांतली काही पोलीस भरतीची तयारी करणारी असतात. या भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक असतेच. माझी एक विद्यार्थिनी याच तयारीला लागली होती. रोज पहाटे चार किलोमीटर, तेही डांबरी रस्त्यावर. तीन आठवड्यांत तिच्या दोन्ही नडग्या दुखू लागल्या. एके दिवशी तास संपल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "सर, बूट बदलू की धावणं सोडू?"

तिच्या पायांत स्नीकर्स होते. जाड रबरी तळाचे, दिसायला झोकदार. दुकानदाराने 'स्पोर्ट्स शूज' म्हणूनच दिलेले. नवा जोड घ्यायचा तर घरचा दुसरा एखादा खर्च पुढे ढकलावा लागणार होता. म्हणून उत्तर विचार करूनच द्यायला हवे होते. नडग्यांसाठी तिला आधी डॉक्टरांकडे पाठवले. बुटांचा प्रश्न मात्र पदार्थविज्ञानाचा होता. तो आपण सोडवून पाहू.

चालताना आपला एक तरी पाय सतत जमिनीवर असतो. धावताना मात्र दर पावलाला आपण क्षणभर अधांतरी असतो. समजा, एका मिनिटात १७० पावले पडतात. म्हणजे एका पावलाला सुमारे ०.३५ सेकंद लागतात. त्यांपैकी पाय जमिनीला टेकलेला असतो तो सुमारे ०.२५ सेकंद. पृथ्वी आपल्याला पूर्ण ०.३५ सेकंद खाली ओढते, पण जमीन आपल्याला वर ढकलते ती फक्त ०.२५ सेकंद. हिशेब जुळायचा तर जमिनीचे सरासरी बल वजनाच्या ०.३५ ÷ ०.२५ = १.४ पट हवे. ५० किलोग्रॅम वस्तुमानाच्या मुलीचे वजन ४९० न्यूटन. तिच्या पायावर सरासरी ६८६ न्यूटन बल येईल. पाऊल मध्यावर असताना तर हे बल वजनाच्या दुपटीहून अधिक होते. चार किलोमीटरमध्ये अशी सुमारे साडेचार हजार पावले पडतात!

आता गंमत पाहा. या गणितात बूट कुठे आला? कुठेच नाही. कितीही महागडा बूट घातला तरी हे सरासरी बल कमी होत नाही. मग बूट करतो तरी काय?

तो पहिल्या धक्क्याची वेळ वाढवतो. टाच जमिनीला टेकते तेव्हा पाऊल आणि नडगीचा काही भाग एकाएकी थांबतो. ढोबळमानाने समजा, थांबणारे वस्तुमान ४ किलोग्रॅम आणि खाली येण्याचा वेग सेकंदाला १ मीटर. संवेग झाला ४. तो ०.०१ सेकंदात शून्य झाला तर सरासरी बल ४०० न्यूटन. तोच ०.०२ सेकंदात झाला तर २०० न्यूटन. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, त्यातले तत्त्व हेच.

साध्या स्नीकरचा तळ बहुधा भरीव रबराचा असतो. चार्ल्स गुडइयरने १८४४ साली रबराच्या व्हल्कनीकरणाचे पेटंट घेतले आणि पुढे कापडी वरचा भाग व रबरी तळ असलेले बूट घडू लागले. शाळेतले पीटीचे कॅनव्हासचे बूट त्याच घराण्यातले. हे रबर टिकाऊ असते, पण जड असते आणि टाचेखाली फारसे दबत नाही. धावण्याच्या बुटात रबराचा पातळ थर फक्त खाली असतो. त्याच्या वर फेसासारखा हलका थर असतो. तो बहुधा इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट या बहुवारिकाचा बनवतात. त्यातल्या असंख्य बंद पोकळ्यांत वायू कोंडलेला असतो. पाय पडला की हा थर दबतो, उचलला की फुगतो. वजनाचाही फरक पडतो. दर बुटामागे १०० ग्रॅम वाढले, की धावण्याला लागणारी ऊर्जा सुमारे १ टक्क्याने वाढते.

पण म्हणून बुटाशिवाय धावताच येत नाही असे समजू नका. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. १९६४ साली टोकियोत तो बूट घालून धावला आणि पुन्हा जिंकला. हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली दाखवून दिले, की अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा टाचेवर न पडता पावलाच्या पुढच्या भागावर पडतात. तेव्हा घोटा आणि पोटरी स्प्रिंगचे काम करतात व तो पहिला धक्का जवळजवळ नाहीसा होतो. मात्र ही सवय वर्षानुवर्षांची असते. ती एका आठवड्यात लावू गेल्यास पोटरीच दुखावेल.

स्नीकर वाईट, असेही नाही. गोळाफेकीत पायाने जमिनीला जोरात रेटायचे असते. तळ मऊ असेल तर त्या रेट्यातला काही भाग फेस दाबण्यातच खर्ची पडतो. तेथे सपाट, घट्ट तळ बरा. उंच, मऊ तळावर पाय आडवा वळण्याचा धोकाही अधिक. जुन्या कात्रज बोगद्याकडून सिंहगडाकडे टेकड्यांची जी वाट जाते, तिच्या मुरमाड उतारावर तर दोन्ही बूट अपुरे. तेथे खोल खाचांचा तळ हवा.

घर्षणाची परीक्षा घरीच घेता येते. एका फळीवर बूट ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. बूट घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले फळीने व्यापलेला आडवा पाया, हा झाला घर्षणांक. फळी ओली करून पुन्हा मोजा. बुटात दगड ठेवूनही मोजा. कोन जवळजवळ तोच येईल. का, ते शिक्षकांना विचारा!

बूट घेताना तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलता आला तर उत्तमच. टाचेखालचा थर अंगठ्याने दाबून पाहा, दबून वर यायला हवा. बूट वाकवा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे. घालून पाहा, बोटांपुढे थोडी जागा उरली पाहिजे. हा फेसही थकतो. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्याचा दम जातो. आठवड्याला २४ किलोमीटर धावल्यास पाचेक महिन्यांतच ५०० किलोमीटर भरतात! आणि महाग बुटाने दुखापत टळते, असे काही सिद्ध झालेले नाही.

त्या मुलीने डॉक्टरांच्या सांगण्यावरून दोन आठवडे विश्रांती घेतली. मग साधे, हलके धावण्याचे बूट घेतले. डांबरी रस्ता सोडून ती मातीच्या मैदानावर एका किलोमीटरपासून सुरुवात करून हळूहळू अंतर वाढवू लागली. स्नीकर्स गोळाफेकीसाठी ठेवले. नडग्या थांबल्या. ती हसत म्हणाली, "सर, बुटांनी काम केलं."

मी म्हटले, "कशावरून? तू विश्रांती घेतलीस, बूट बदललेस, मैदान बदललेस आणि अंतरही कमी केलेस. एका प्रयोगात चार गोष्टी बदलल्यावर श्रेय कोणाला द्यायचे?"

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे जुने बूट घालून पुन्हा धावून पाहू?"

तेवढा प्रयोग मात्र मी तिला करू दिला नाही.