पदवीनंतरचा मोबाईल : डोळे आणि मन

बी.ए., बी.कॉम. झालेली आपली मुलं-मुली आता दिवसभर मोबाईल घेऊन बसलेली दिसतात. भरतीची जाहिरात, फॉर्म, हॉलतिकीट, निकाल सगळं त्यातच. म्हणून ओरडण्याआधी काय बघताय, ते विचारा.

वस्तीत आम्हाला नेहमीची तक्रार ऐकू येते : डोळे चुरचुरतात, मान भरून येते. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी लवतात, डोळा कोरडा पडतो. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवर 20 सेकंद बघावं. एका खोलीत 20 फूट कुठून आणायचे? दारात उभं राहून गल्लीच्या टोकाकडे बघा. मेडिकलमधून मनाने स्टेरॉइडचे थेंब मात्र आणू नका. ते फार दिवस घातले तर काचबिंदू होऊ शकतो.

आता जास्त काळजीचं. यादीत नाव आलं नाही आणि पोरानं जेवण सोडलं, झोप उडाली, ‘जगून काय करू’ म्हणालं, तर टोमणे नकोत, एकटं सोडू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा नंबर लावा. मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं. आईनं लावला तरी चालतो.