तीन वर्षांचे हीरो

काही बँड्स पंचवीस-पंचवीस वर्षं चालतात आणि आपल्याला त्यांची जेमतेम दोन गाणी आठवतात. काही एकच अल्बम काढतात आणि तो डोक्यातून जाता जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा 'द डिस्पोजेबल हीरोज ऑफ हिप-हॉप्रिसी' हा दुसऱ्या जातीचा. आधी नावच बघा. हिप-हॉप आणि हिपोक्रसी, म्हणजे ढोंग, यांची भेळ. वर 'डिस्पोजेबल', म्हणजे वापरा आणि फेका! असं नाव लावून कोणी पॉपस्टार व्हायला निघतं का? पण १९९० मध्ये दोन मित्र निघाले खरे. १९९३ मध्ये दुकान बंद. मधल्या तीन वर्षांत त्यांनी जे केलं, ते मी आजही हेडफोन लावून ऐकते आणि दर वेळी थोडी अस्वस्थ होते.

पत्रा, करवत आणि ठिणग्या

मायकेल फ्रँटी हा ओकलंडमध्ये जन्मलेला, साडेसहा फुटी, कॉलेजात बास्केटबॉल खेळलेला गडी. मिश्र वंशाचा, आणि दत्तक गेला तो फिनिश-अमेरिकन कुटुंबात. त्याच्यासोबत रोनो त्से हा तालवाला. ऐंशीच्या दशकात दोघंही 'द बीटनिग्ज' नावाच्या बँडमध्ये होते. तिथे स्टेजवर लोखंडी दांड्यावर चक्क पॉवरची करवत चालवायचे. आवाजही मिळायचा आणि वर ठिणग्यांची आतषबाजी फुकट! त्यांचा अल्बम १९८८ मध्ये 'अल्टरनेटिव्ह टेंटेकल्स'नं काढला. हे लेबल म्हणजे 'डेड केनेडीज' या पंक बँडचं घर.

बीटनिग्ज संपला आणि या दोघांनी नवा डाव मांडला. त्से ताल बघणार, फ्रँटी बोलणार. हो, बोलणारच. त्याचं रॅप म्हणजे यमकांची फटाक्यांची माळ नाही. खर्जातला, शांत, प्रत्येक शब्द नीट ऐकू येईल असा आवाज. जोडीला गिटारवर चार्ली हंटर, जो पुढे जॅझमध्ये मोठं नाव झाला.

टीव्हीविरुद्ध, टीव्हीवरच

१९९२ मध्ये 'हिपोक्रसी इज द ग्रेटेस्ट लक्झरी' आला. तेव्हाची हवा आठवा. १९९१ चं आखाती युद्ध लोकांनी दिवाणखान्यात बसून लाइव्ह पाहिलं होतं. अल्बममध्ये त्या युद्धावर एक लांबलचक ट्रॅक आहे. 'डेड केनेडीज'चं 'कॅलिफोर्निया उबर आलेस' हे गाणंही त्यांनी नव्यानं केलं आणि त्यात तेव्हाचे गव्हर्नर पीट विल्सन यांना बसवलं.

गाजलं मात्र 'टेलिव्हिजन, द ड्रग ऑफ द नेशन'. मूळ बीटनिग्जचं, इथे नव्यानं केलेलं. टीव्ही ही अख्ख्या देशाला लागलेली नशा आहे, असं ठणकावून सांगणारं. आणि गंमत ऐका. यू-टूनं आपल्या झू टीव्ही टूरमध्ये या बँडला ओपनिंगला घेतलं. शिवाय मुख्य कार्यक्रम सुरू होण्याआधी हेच गाणं भल्यामोठ्या स्क्रीन्सवर वाजायचं. टीव्हीला शिव्या, त्या टीव्हीच्याच भिंतीवर, स्टेडियमभर पब्लिकसमोर. बँडच्या नावातलं ढोंग असं स्वतःहून स्टेजवर आलं.

खरा पंच इथे आहे

माझ्या मते या अल्बमची खरी ताकद दोन वेगळ्याच गाण्यांत आहे. 'लँग्वेज ऑफ व्हायलन्स'मध्ये शाळेतली मुलं एका मुलाला समलिंगी म्हणून चिडवतात, आणि चिडवण्याचं पर्यवसान त्याच्या मृत्यूत होतं. मारणारा तुरुंगात जातो आणि तिथे शिकारी स्वतःच शिकार होतो. १९९२ च्या हिप-हॉपमध्ये समलिंगींना हिणवणं अगदी सर्रास चालायचं. अशा वेळी हे गाणं करणं म्हणजे आपल्याच गल्लीत उभं राहून गल्लीला सुनावणं.

दुसरं 'म्युझिक अँड पॉलिटिक्स'. फक्त गिटार आणि फ्रँटीचा आवाज. इतका वेळ सरकार, युद्ध, टीव्ही यांच्यावर बरसलेला माणूस इथे अचानक स्वतःकडे वळतो. जगावर बोलणं सोपं, स्वतःला बदलणं अवघड, असा सूर. मतं लिहून पोट भरणाऱ्या माझ्यासारखीला हे गाणं झोंबतंच. ढोंग या शब्दाचा रोख तोवर दुसऱ्यांवर होता. आता तो गाणाऱ्यावर येतो. आणि ऐकणारीवरही.

ब्रोकोली नको रे बाबा

१९९३ मध्ये त्यांनी 'स्पेअर अॅस अॅनी अँड अदर टेल्स' केला. ऐंशीच्या उंबरठ्यावरचा लेखक विल्यम बरोज आपलं लिखाण वाचतोय आणि मागे या पोरांचं संगीत. स्पोकन वर्डचा प्रयोग म्हणून आजही ऐकावा असा. त्यानंतर मात्र बँड मोडला.

पुढे फ्रँटीनंच सांगितलं की ती रेकॉर्ड लोक तब्येतीला चांगली म्हणून ऐकायचे, ब्रोकोली खावी तशी. त्याला लोकांना नाचवायचं होतं. त्यानं 'स्पिअरहेड' काढला, १९९४ मध्ये 'होम' आला. २००९ मध्ये तर 'से हे (आय लव्ह यू)' अमेरिकेच्या टॉप ट्वेंटीत पोचलं. युद्धाचा विषय त्यानं सोडला नाही. २००४ मध्ये गिटार घेऊन तो इराकला, इस्रायल-पॅलेस्टाइनला गेला आणि त्यावर 'आय नो आय अॅम नॉट अलोन' ही डॉक्युमेंटरी केली. म्हणजे राग गेला नाही, फक्त त्याला पाय फुटले.

त्याचं म्हणणं मला पटतं. लोक फक्त माना डोलवत असतील, तर आपण भाषण करतोय की गाणं, हा प्रश्न पडणारच. तरीही काही गोष्टी नाचता नाचता सांगता येत नाहीत. त्या शाळकरी पोराची गोष्ट नाहीच सांगता येत.

तेव्हा सुरुवात टीव्हीच्या गाण्यानं करा. ऐकताना 'टेलिव्हिजन'च्या जागी 'फोन' टाकून बघा, फार काही बदलावं लागत नाही. मग 'लँग्वेज ऑफ व्हायलन्स'. 'म्युझिक अँड पॉलिटिक्स' मात्र रात्री, एकट्यानं. त्यानंतर लगेच स्टेटस अपडेट करू नका, एवढंच.