मधुमेह नाही, तरी साखर का उतरते?

सकाळी साडेआठच्या सुमारास बंगळूरच्या जयनगरातल्या किंवा बसवनगुडीतल्या कोणत्याही दर्शिनीत डोकावावे. उंच टेबलांभोवती उभी असलेली माणसे घाईघाईने नाश्ता उरकताना दिसतात. एकाच ताटलीत खारा बाथ आणि केसरी बाथ, म्हणजे आपला उपमा आणि तुपाने चमकणारा केशरी शिरा. या जोडीला इथे 'चौ चौ बाथ' म्हणतात. वर साखर घातलेली फिल्टर कॉफी. दहा मिनिटांत सगळे पोटात आणि माणूस बसथांब्याकडे.

अकरा वाजतात. ऑफिसच्या टेबलाशी बसल्या बसल्या हाताला कंप सुटतो, कपाळावर गार घाम येतो, छाती धडधडते, डोळ्यांसमोरची अक्षरे पुसट होतात आणि आता काहीतरी खाल्ले नाही तर आपण कोसळणार असे वाटू लागते. शेजारची मैत्रीण धावत जाऊन ग्लुकोजची बिस्किटे आणि गोड चहा आणते. पंधरा मिनिटांत जीव थाऱ्यावर येतो, पण एक-दीडच्या सुमारास पुन्हा तोच प्रकार!

घरी हे सांगितले की दोन निदाने ठरलेली असतात. सासूबाई म्हणतात, ''शुगर झाली असणार, तपासून घे बाई.'' तपासणीत उपाशीपोटीची साखर अगदी ठीक निघते. मग नवरा म्हणतो, ''तू फार टेन्शन घेतेस.'' मधुमेह नाही म्हणजे काहीच नाही, असे समजून विषय तिथेच संपवला जातो. त्रास मात्र चालूच राहतो.

इन्शुलिन जरा जास्तच धावते

या त्रासाला वैद्यकशास्त्रात 'रिअॅक्टिव्ह हायपोग्लायसेमिया' असे नाव आहे. जेवल्यानंतर दोन ते चार तासांत, जेवणाचीच प्रतिक्रिया म्हणून रक्तातील साखर गरजेपेक्षा खाली जाणे, असा त्याचा अर्थ. रवा, मैदा, साखर, पांढरा भात हे पदार्थ लवकर पचतात आणि रक्तातील साखर झपाट्याने वर चढते. तिला आवरण्यासाठी स्वादुपिंड इन्शुलिन सोडते. काही जणांत ते उशिरा आणि गरजेपेक्षा जास्त सुटते. तोवर नाश्ता तर पचून गेलेला असतो. मग साखर सपाट्याने खाली येते. मेंदूचे सारे काम प्रामुख्याने याच साखरेवर चालत असल्याने शरीर घाबरते आणि अॅड्रिनलीन सोडून धोक्याची घंटा वाजवते. घाम, थरथर आणि धडधड ही त्या घंटेचीच लक्षणे. भीतीच्या वेळीही हेच अॅड्रिनलीन सुटत असल्यामुळे घरच्यांना 'टेन्शन' वाटले, तर त्यात त्यांचा फारसा दोष नाही.

गोड बिस्किटाने बरे का वाटते आणि पुन्हा त्रास का होतो, हेही यावरून कळते. साखर वर चढते, इन्शुलिन पुन्हा धावते आणि घसरण पुन्हा सुरू होते.

ही ओळख तशी जुनी. १९२१ मध्ये टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधले. त्याची मात्रा जास्त झाली की रुग्णाला घाम फुटतो, हातपाय थरथरतात, हे लवकरच डॉक्टरांच्या लक्षात आले. अमेरिकेतील अलाबामा राज्यातले डॉ. सील हॅरिस यांना मात्र ज्यांनी कधीच इन्शुलिन घेतले नव्हते, अशा लोकांतही हीच लक्षणे दिसली. १९२४ मध्ये त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यांचा उपाय आहाराचाच होता: साखर कमी करा, थोडे थोडे आणि वेळेवर खा. योगायोग असा, की पुढे 'एमटीआर' म्हणून नावारूपाला आलेले बंगळूरचे उपाहारगृहही त्याच १९२४ साली सुरू झाले. तांदळाच्या टंचाईत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, रवा इडली तिथेच जन्मली असे सांगतात.

आधी खात्री, मग पथ्य

येथे एक सावधगिरी हवी. १९७०च्या सुमारास अमेरिकेत या आजाराची जणू फॅशनच आली होती. थकवा, उदासी, डोकेदुखी, सगळ्याचे खापर 'लो शुगर'वर फोडले जाऊ लागले. अखेर १९७३ मध्ये तेथील डॉक्टरांच्या आणि मधुमेहतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनांना एकत्र निवेदन काढून सांगावे लागले, की अशी लक्षणे असलेल्या बहुतेकांची साखर प्रत्यक्षात उतरलेली नसते.

मग ओळखायचे कसे? अॅलन व्हिपल या शल्यविशारदाने १९३०च्या दशकात घालून दिलेली कसोटी आजही वापरली जाते. लक्षणे असली पाहिजेत, त्याच वेळी घेतलेल्या रक्तात साखर कमी आढळली पाहिजे आणि साखर वाढताच लक्षणे गेली पाहिजेत. तिन्ही गोष्टी जुळल्या तरच निदान पक्के. 'कमी' म्हणजे किती? मधुमेह नसलेल्यांसाठी साधारणपणे १०० मिलिलिटरला ५५ मिलिग्रॅमपेक्षा खाली. म्हणून सकाळी उपाशीपोटी तपासून काहीच कळत नाही. त्रास होत असतानाचे रक्त प्रयोगशाळेत तपासायला हवे, किंवा डॉक्टरांच्या देखरेखीखाली नेहमीसारखे जेवण घेऊन पुढचे काही तास साखर मोजायला हवी. ग्लुकोजचे पाणी पाजून होणारी लांबलचक चाचणी यासाठी भरवशाची नाही, कारण तिच्यात अनेक निरोगी माणसांची साखरही खाली जाते. दंडाला चिकटवायचे सेन्सरही खालच्या आकड्यांत चुकतात.

आणखी एक गोष्ट. जेवणानंतर चार-पाच तासांनी होणारी घसरण कधी कधी पुढे येणाऱ्या मधुमेहाची चाहूल असते. 'मी तर सडपातळ आहे' म्हणून निश्चिंत राहू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! आपली भारतीय शरीरे बारीक दिसूनही आतून चरबी बाळगतात आणि मग इन्शुलिनचे काम अडते. म्हणून डॉक्टरांना एचबीए१सी या तपासणीबद्दलही विचारावे.

ताट बदला, चव नको

निदान झाल्यावर गोळ्यांची गरज सहसा पडत नाही. कर्नाटकी स्वयंपाकात तर औषध हाताशीच आहे, फक्त ते ताटाच्या कोपऱ्यातून मध्यभागी आणायचे. मूगडाळ भिजवून काकडी, ओले खोबरे आणि लिंबू घालून केलेली कोसंबरी हे त्याचे उत्तम उदाहरण. ती चमचाभर चवीपुरती न घेता वाटीभर घ्यावी आणि आधी खावी. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातील डॉक्टरांनी २०१५ मध्ये मधुमेही रुग्णांवर केलेल्या प्रयोगात तेच जेवण, पण भाजी आणि प्रथिने आधी व पाव नंतर दिल्यास साखर आणि इन्शुलिन दोन्ही कमी चढतात असे दिसले. दोन्ही कमी चढणे, हेच तर इथे हवे आहे.

इडली सोडण्याची गरज नाही. चारऐवजी दोन घ्याव्यात, सांबारात डाळ दाट असावी आणि सोबत उकडलेले अंडे किंवा वाटीभर दही असावे. डोशाऐवजी मिश्र डाळींची अडई किंवा मुगाचा पेसरट्टू बरा. जानेवारीच्या सुमारास बंगळूरच्या बाजारात अवरेकाळूचे, म्हणजे आपल्या पावट्याचे ढीग लागतात. त्याची उसळ दुपारभर पुरते. शेंगदाणे, फुटाणे, ताक, मोडाची मटकी हे सारे याच कामाचे.

नाचणीविषयी मात्र भाबडेपणा नको. नाचणी उत्तम धान्य आहे, पण बारीक दळलेल्या पिठाची पातळ, गूळ घातलेली आंबील तशी लवकरच पचते. मुद्दे पालेभाजी-डाळीच्या मस्सोप्पूसोबत खाल्ले तर गोष्ट वेगळी. गूळ आणि मध म्हणजे साखर नव्हे, हा समजही सोडावा.

मराठी घरातला खरा शत्रू आहे उपवास. दिवसभर गोड चहा आणि संध्याकाळी भरपेट साबुदाण्याची खिचडी! साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिने नावालाच. खिचडीत खरा आधार आहे तो दाण्याच्या कुटाचा. उपवास करायचाच असेल तर राजगिरा, दही, दूध, शेंगदाणे यांवर भर द्यावा आणि दर तीन तासांनी थोडे खावे. रिकाम्या पोटी गोड सरबतात मिसळलेले मद्य घेणाऱ्या पाहुण्यांनाही हीच सूचना: १९७७ मध्येच जिन आणि टॉनिकच्या मिश्रणाने साखर कशी कोसळते हे दाखवून दिले गेले आहे. काळ्या कॉफीने साखर उतरत नाही, पण धडधड वाढते. म्हणून उपाशीपोटी ती नको.

झटका आलाच तर तीन चमचे साखर पाण्यातून घेण्यास हरकत नाही. मात्र बरे वाटताच त्यावर मूठभर दाणे-फुटाणे किंवा दूध घ्यावे, म्हणजे पुढची घसरण टळते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतू नये. थेट रुग्णालय गाठावे.

केव्हा थांबू नये

जेवणानंतर नव्हे तर पहाटे उपाशीपोटी घाम फुटत असेल, शुद्ध हरपत असेल किंवा बोलणे बरळल्यासारखे होत असेल, तर हा पथ्याने बरा होणारा प्रकार नव्हे. स्वादुपिंडातील इन्शुलिन बनवणारी गाठ क्वचित, पण असू शकते. वजन कमी करण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांना वर्षा-दोन वर्षांनीही हा त्रास सुरू होतो आणि त्यांना आहाराबरोबर औषधही लागू शकते. आणि घरात कोणी मधुमेही ज्येष्ठ असतील, तर आधी औषधांचे कपाट पाहावे. साखर उतरवणारी त्यांची छोटी पांढरी गोळी रक्तदाबाची किंवा डोकेदुखीची समजून घरातल्या दुसऱ्याच माणसाने घेतली, तरी नेमकी हीच लक्षणे दिसतात. ती गोळी वेगळ्या डबीत, वेगळ्या कप्प्यात आणि ठळक अक्षरांत नाव लिहून ठेवावी.