लाल रेनकोटचा चकवा

एका छोट्याशा स्लाइडवर पाणी सांडतं. स्लाइड व्हेनिसमधल्या एका चर्चची आहे. समोरच्या बाकावर कुणीतरी पाठमोरं बसलंय, डोक्यावर लाल टोपडं. ओल लागताच तो लाल रंग सुटतो आणि चंद्रकोरीसारखा वळत चर्चच्या चित्रावर पसरायला लागतो. जॉन बॅक्स्टर क्षणभर त्याकडे बघतो, आणि बायकोला काहीही न सांगता उठून बाहेर धावत सुटतो. घरामागच्या तळ्यात त्याची लहान मुलगी ख्रिस्तीन बुडालेली असते. तिच्या अंगात चकचकीत लाल रेनकोट असतो.

त्याला कसं कळलं?

या एका प्रश्नावर 'डोन्ट लुक नाऊ' हा अख्खा चित्रपट उभा आहे. 1973 साली आलेला, निकोलस रोएग या ब्रिटिश दिग्दर्शकाचा. डोनल्ड सदरलंड जॉन झालाय आणि ज्युली ख्रिस्ती त्याची बायको लॉरा. मला विचाराल तर शोक आणि भुताटकी यांची इतकी घट्ट वीण दुसऱ्या कुठल्याच चित्रपटात नाही. ती वीण कशी घातली आहे ते सांगायचं तर शेवट सांगावाच लागेल. ज्यांना आधी चित्रपट बघायचा आहे त्यांनी हे पान इथेच मिटावं आणि बघून झाल्यावर परत यावं.

मूळ कथा डॅफ्ने ड्यू मॉरिएची, 1971 सालची. 'रेबेका' आणि 'द बर्ड्स' लिहिणारी तीच ही लेखिका. तिच्या कथेत मुलगी मेनिंजायटिसनं जाते आणि आईवडील मन रमवायला व्हेनिसला आलेले असतात. अ‍ॅलन स्कॉट आणि ख्रिस ब्रायंट यांनी पटकथा लिहिताना मुलीला पाण्यात बुडवलं आणि बापाला व्हेनिसमध्येच जुन्या चर्चच्या डागडुजीचं काम दिलं. बदल एवढासाच, पण पाण्यानं पोर नेलेला बाप आता पाण्याच्याच शहरात राहायला येतो. सकाळ-संध्याकाळ, खिडकीबाहेर, पायरीखाली, जिथे बघावं तिथे पाणी.

पहिल्या सातेक मिनिटांत रोएग काय करतो ते पुन्हा पुन्हा बघण्यासारखं आहे. बाहेर मुलगी चेंडू उडवते आणि घरात बाप बायकोकडे सिगारेटचं पाकीट फेकतो. हात एकाचा, झेप दुसऱ्याची. मुलगी तोंडाशी हात नेते, आत आईचाही हात तोंडाशी जातो. तिच्या भावाच्या सायकलखाली काच फुटते. दोन जागा, चार माणसं, मध्ये भिंत, आणि तरी एक हालचाल इथे सुरू होऊन तिथे पुरी होते. संवादात कुणी म्हणत नाही की या घरातली माणसं एकमेकांशी अदृश्य धाग्यानं बांधलेली आहेत. ते काम ग्रॅम क्लिफर्डच्या संकलनानं केलंय. पुढे लॉराची किंकाळी उठते आणि ती विरायच्या आत तिचा ड्रिल मशीनचा आवाज होतो. आपण व्हेनिसमध्ये पोचलेलो असतो. मधले दिवस, अंत्यसंस्कार, सांत्वनाला येणारी माणसं, काहीच दाखवलेलं नाही. ज्यांच्या घरात अचानक मृत्यू झालाय त्यांना हे ओळखीचं वाटेल. ते मधले दिवस नंतर आठवत नाहीतच.

व्हेनिसमध्ये लॉराला दोन वयस्क बहिणी भेटतात. त्यातली हेदर आंधळी आहे. ती लॉराला सांगते, तुमची मुलगी मला दिसली, तुम्हा दोघांच्या मध्ये बसून हसत होती. लॉरा चक्कर येऊन पडते, आणि सावरते तेव्हा कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर उजेड असतो. जॉनला मात्र हे सगळं थोतांड वाटतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. ही कथा आली त्याच 1971 साली डेवी रीस या वेल्समधल्या डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास छापला. जोडीदार गेलेल्या 293 जणांशी तो स्वतः बोलला होता. त्यातल्या जवळपास निम्म्यांना गेलेलं माणूस जवळ असल्याचं जाणवलं होतं. कुणाला दिसलं होतं, कुणाला आवाज आला होता, बहुतेकांना नुसतीच चाहूल. ही माणसं वेडी नव्हती, आजारी नव्हती. बऱ्याच जणांना त्या चाहुलीचा आधारच वाटला होता, आणि तरी बहुतेकांनी ती कुणाला बोलून दाखवली नव्हती. ती आकडेवारी वाचल्यापासून लॉराचं हसू मला भोळेपणाचं वाटत नाही. चाहूल आली, ती तिनं मान्य केली आणि मोकळी झाली. जॉनला ते जमत नाही.

खरं तर दृष्टी त्यालाच आहे. स्लाइडपाशी कळलं होतं ते त्यालाच. हेदर तसं बोलूनही दाखवते, आणि तो व्हेनिसमध्ये राहिला तर त्याच्या जिवाला धोका आहे हेही बजावते. पण जॉन शिकलेला, कामात बुडालेला माणूस. चर्चच्या भिंतीवरच्या मोझेकचा नवा तुकडा जुन्याशी जुळतो का हे तो डोळा बारीक करून तपासतो. रंगातला केसाएवढा फरक त्याला कळतो आणि स्वतःला काय दिसतंय ते मात्र कळत नाही.

ते चर्च सेटवर उभारलेलं नाही. सान निकोलो देई मेंदिकोली हे व्हेनिसच्या पश्चिम टोकाचं, शहरातल्या जुन्या चर्चपैकी एक. 4 नोव्हेंबर 1966 च्या महापुरात व्हेनिसमध्ये पाणी 194 सेंटिमीटरपर्यंत चढलं, आणि त्यानंतर शहर वाचवण्यासाठी जगभरातून मदत आली. 1970 च्या दशकात या चर्चचीही दुरुस्ती झाली. संत निकोलस हा मुलांचा रक्षक मानला जातो, आणि मूल गमावलेला बाप त्याच्याच देवळाच्या भिंती दुरुस्त करतो. याच चर्चमध्ये वरून फळी कोसळते आणि जॉन दोरीला लोंबकळत राहतो. स्टंटमननं नकार दिल्यावर तो प्रसंग सदरलंडनं स्वतः केला होता.

आणि मग व्हेनिसच्या गल्ल्या. रोएगनं शहर हिवाळ्यातलं घेतलंय. पर्यटक गेलेले, हॉटेलातलं सामान झाकून ठेवलेलं. राखाडी भिंती, राखाडी पाणी. त्यात कधी तरी, पुलापलीकडे, एक बुटकी लाल आकृती पळताना दिसते. आपल्याकडे गावात रात्री वाट चुकून माणूस त्याच त्या जागी घुटमळत राहिला की चकवा लागला म्हणतात. जॉनला चकवा लागलाय. तो त्याच पुलावर, त्याच पाण्याशी परत परत येतो, आणि दर वेळी त्याला वाटतं की पुढे पळतेय ती आपलीच लेक.

या चित्रपटातला नवराबायकोचा प्रणयप्रसंग गाजला तो वेगळ्याच कारणांनी. पण त्याची रचना बघा. दोघं जवळ येतात, आणि मध्येमध्ये तीच दोघं नंतर बाहेर जायला कपडे चढवताना दिसतात. आत्ताचा क्षण आणि नंतरचा क्षण एकाआड एक. पोर गेल्यानंतर बऱ्याच काळानं ती दोघं एकमेकांची झालीत, आणि तो क्षण चालू असतानाच निसटतोय. शिवाय इथे रोएग आपल्याला एक व्याकरण शिकवून ठेवतो. या चित्रपटात पुढचं आधी दिसतं.

आपण ते शिकत नाही. जॉनसारखेच.

इंग्लंडमध्ये शाळेत मुलाला अपघात होतो आणि लॉरा विमानानं तिकडे जाते. त्यानंतर जॉन बोटीतून जात असताना समोरून दुसरी बोट येते. तिच्यात लॉरा उभी, अंगभर काळे कपडे, दोन्ही बाजूंना त्या दोघी बहिणी. तो हाक मारतो. ती बघत नाही. बोट निघून जाते. तो पोलिसांत जातो, बहिणींवर संशय घेतो, शहर पालथं घालतो. मग इंग्लंडला फोन लागतो आणि तिकडून लॉराचाच आवाज येतो. ती तिथेच आहे.

मग बोटीत कोण होतं? पहिल्यांदा पाहताना मीही हेच विचारत होतो. बोटीत लॉराच होती. फक्त ते अजून घडायचं होतं. जॉननं स्वतःची अंत्ययात्रा पाहिली होती. भूत मागून येतं असं आपण धरून चालतो. इथे ते पुढून येतं, आणि शोकात मागेच बघत राहिलेल्या माणसाला ते ओळखू येत नाही.

शेवटी एका पडक्या वाड्यात तो लाल आकृतीला गाठतो. ती वळते. ती ख्रिस्तीन नसते. शहरात खून करत फिरणारी एक ठेंगणी म्हातारी असते आणि तिच्या हातात सुरा असतो. त्या काही सेकंदांत स्लाइड, तळं, चेंडू, फुटलेली काच, सगळं डोळ्यांपुढून झरझर जातं. मग तीच बोट, तेच काळे कपडे.

संगीत पिनो दोनाज्जोचं. व्हेनिसजवळच्या बुरानो बेटावर जन्मलेला हा गायक, आणि हा त्याचा पहिलाच चित्रपट. सुरुवातीचा पियानो एखादं मूल नुकतंच शिकत असावं तसा अडखळत वाजतो.

तुम्ही हा चित्रपट लावाल तेव्हा पहिली सात मिनिटं झाली की थांबा, मागे जा आणि ती पुन्हा बघा. पाणी, काच, लाल टोपडं, चंद्रकोरीसारखा पसरणारा डाग. शेवट तेवढ्यातच दाखवून झालेला आहे.