गळाला पिसं बांधताना : फ्लाय फिशिंगचं साहित्य आणि आपली नदी

(मिरज येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की फ्लाय फिशिंग हा स्कॉटलंडच्या थंड ओढ्यातला ट्राउट माशाचा खेळ, त्याचं मिरजेत काय काम? पण या खेळाचं साहित्य एकेक करून हातात घेतलं, तर त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा माग आपल्याकडे निघतो. म्हणून आधी साहित्य पाहू, मग माशी बांधणं पाहू, आणि शेवटी कृष्णेकाठी हे करायचं तर काय सांभाळावं लागतं ते बोलू.

आपला नेहमीचा गळ सगळ्यांना ठाऊक आहे. काठी, तंगूस, गळ, थोडं शिसं, आणि आमिष म्हणून गांडूळ किंवा कणकेची गोळी. इथं लांब जातं ते शिसं आणि आमिष. तंगूस त्यांच्या मागून ओढली जाते. गोफणीतला दगड जातो तसंच.

फ्लाय फिशिंगमध्ये हे बरोबर उलटं आहे. टोकाला असते पिसाची माशी. तिचं वजन जवळपास नाहीच. कोंबडीचं पीस जोर लावून फेकून बघा, दोन हातांवर पडेल. मग ते साठ फूट कसं न्यायचं? तर वजन दोरीतच भरायचं. या दोरीला लाईन म्हणतात. ती जाड, गुळगुळीत असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. लाईनला नंबर असतात, आणि तो नंबर म्हणजे पहिल्या तीस फुटांचं वजन. पाच नंबरच्या लाईनचे पहिले तीस फूट सुमारे ९ ग्रॅम भरतात, आठ नंबरचे सुमारे साडेतेरा ग्रॅम. काठीवरही तोच नंबर छापलेला असतो. दुकानात गेलात की हा नंबर जुळतो का, एवढं पहिल्यांदा बघा. आठच्या काठीवर पाचची लाईन चढवली, तर काठी वाकतच नाही, आणि वाकली नाही तर फेकणार काय?

फेकीसाठी आसूड डोळ्यांसमोर आणा. आसूडाची मूठ जाड, टोक बारीक. हाताने दिलेला जोर जाडीकडून बारकाईकडे सरकतो, हलवायचं वजन कमी कमी होत जातं, म्हणून वेग वाढत जातो. लाईन तेच करते. शिकणारा मनुष्य जोर लावतो आणि अडकतो, कारण काठी मागे नेल्यावर तो थांबत नाही. लाईन मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं, आणि मगच पुढे. घड्याळाच्या भाषेत सांगायचं तर काठी साधारण दहा आणि एकच्या मध्येच हलते. घाईने पुढे आणली की मागून आसूडासारखा ‘फट्’ आवाज येतो, आणि माशी तुटून गेलेली असते.

आता काठी. आज ती कार्बनची असते. तशा काठ्या १९७० च्या दशकात आल्या. त्याआधी फायबरग्लास, आणि त्याआधी बांबू. अखंड बांबू नव्हे. बांबूच्या सहा चिपा तासून, सरसाने चिकटवून षट्कोनी काठी करत. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी हिंदुस्थानातला बांबू जाई, त्याला तिकडे ‘कलकत्ता’ बांबूच म्हणत. पुढे चीनमधल्या टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. भोपळा, लाकूड आणि सरस यांतून सतारी घडवणाऱ्या या गावाला अशा कामातली नजर वेगळी सांगायला नको.

लाईन आणि माशी यांच्यामध्ये एक बारीक, पारदर्शक धागा असतो, त्याला लीडर म्हणतात. आज तो नायलॉनचा. नायलॉन जगासमोर आलं १९३८ साली. त्याआधी हा धागा रेशमाच्या किड्यापासून काढत. कोश विणायच्या बेतात असलेला किडा व्हिनेगरमध्ये बुडवायचा, त्याच्या पोटातली रेशीमग्रंथी काढायची आणि हाताने ताणायची. स्पेनमधल्या मुर्सियात हा धंदाच होता. गंमत म्हणजे हाच धागा शल्यचिकित्सक जखम शिवायला वापरत. सतारीची तार आणि ऑपरेशनचा टाका, दोन्हींसाठी ओळखल्या जाणाऱ्या मिरजेत हे सांगायला मला विशेष बरं वाटतं.

गाठीचा एक सल्ला जुना गळकरी नव्याला हमखास देतो: आवळण्यापूर्वी गाठ थुंकीने ओली कर. त्यामागे कारण आहे. नायलॉन कोरडं आवळलं की घर्षणाने तापतं आणि नेमकं गाठीतच कच्चं होतं. मासा तोडून गेला असं आपण म्हणतो; खरं म्हणजे धागा पुष्कळदा आवळतानाच दुखावलेला असतो.

आता माशी बांधणं. हे काम फार जुनं आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय, की ते गळाला लाल लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याची दोन पिसं लावतात. आजही मूळ कृती तीच. गळ छोट्या शेगड्यात, म्हणजे पकडीत, आडवा धरायचा. दोऱ्याचे वेढे देत मागे जायचं, शेपूट बांधायची, लोकरीचं अंग गुंडाळायचं, कोंबड्याच्या मानेचं पीस गोल फिरवून पाय करायचे, आणि डोक्याशी गाठ मारून लाखेचा थेंब द्यायचा. नवशिक्याने एक पथ्य पाळावं: डोक्यासाठी जागा आधीच मोकळी सोडावी. नाहीतर शेवटी गळाच्या नेढ्यावरच दोरा चढतो आणि लीडर ओवायला भोक उरत नाही.

आणि इथं आपला सह्याद्री येतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सामन माशासाठी रंगीबेरंगी माश्या बांधायची टूम निघाली. त्यात एक पीस फार मोलाचं होतं. पिवळसर पांढरा, मेणासारखा चकचकीत ठिपका असलेलं. ते माशीच्या दोन बाजूंना लावलं की छोट्या माशाच्या डोळ्यासारखं दिसतं. हे पीस आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेचं. कोयना-चांदोलीच्या जंगलात पहाटे जो आरवतो, तोच हा. भारतातून ही पिसं मोठ्या प्रमाणात इंग्लंडला गेली. आज हा पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहे. त्याला मारणं किंवा त्याची पिसं विकणं गुन्हा आहे.

हा हव्यास कुठवर जातो? २००९ साली लंडनमध्ये संगीत शिकणाऱ्या एका तरुणाने ट्रिंग येथील निसर्ग-इतिहास संग्रहालय फोडलं आणि २९९ पक्ष्यांची जतन केलेली कातडी पळवली. कशासाठी? तर जुन्या पद्धतीच्या माश्या बांधायला, आणि तशा बांधणाऱ्यांना पिसं विकायला. अनेक कातड्यांच्या पायाला बांधलेल्या चिठ्ठ्या त्याने काढून टाकल्या होत्या. पक्षी कुठला, केव्हाचा, हे त्या चिठ्ठीवर असतं. ती गेली की अभ्यासाच्या दृष्टीने ते कातडं मुकं झालं. म्हणून माझं सांगणं साधं आहे. पिसं घ्यायची तर गावठी कोंबड्याची घ्या. खाटकाकडे ती फुकट पडलेली असतात. धुवा, उन्हात वाळवा, डांबराच्या गोळीसोबत डब्यात ठेवा. माशाला जुनं पुस्तक वाचता येत नाही; त्याला पाण्यातली हालचाल कळते.

आता मासा. आपला मोठा मासा म्हणजे महसीर. दख्खनच्या महसीराला शास्त्रात तोर खुद्री म्हणतात. कर्नल साईक्स यांनी १८३९ साली पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून हे वर्णन केलं आणि ‘खुद्री’ हे स्थानिक नावच पुढे ठेवलं. हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३ साली आलं, आणि महसीराची कीर्ती साहेबलोकांत पसरली. १९४६ साली म्हैसूरकडे १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महसीर गळाला लागला होता. तो कावेरी खोऱ्यातला, मदार असलेला महसीर. आज त्याच जातीची गणना अतिसंकटग्रस्त म्हणून होते. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून महसीराची पिल्लं वाढवली जातात. त्यातली काही कावेरीत सोडली गेली, आणि तिथे आता खुद्रीच जास्त दिसतो. एक मासा वाचवताना दुसऱ्याच्या घरात गर्दी झाली. मासे ‘सोडणं’ नेहमीच पुण्याचं काम असतं असं नाही, ते यासाठी सांगितलं.

आपल्याकडे महसीर राखायची जुनी रीतही आहे. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे. तिथले मासे वरदायिनी देवीचे मानले जातात, कुणी मारत नाही.

आता कृष्णाकाठचं पथ्य. परदेशी पुस्तकात पहिलाच सल्ला असतो की कमरेइतक्या पाण्यात उतरा. हा सल्ला इथं पूर्ण विसरा. सांगलीच्या वरच्या अंगाला, औदुंबर-भिलवडीच्या पट्ट्यात मगरी आहेत आणि माणसं दगावली आहेत. काठावरूनच फेका, पाण्याच्या कडेपासून मागे उभे राहा, संध्याकाळी एकटे बसू नका.

दुसरं, उन्हाळा. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. तीस अंशांना तो साडेसातवर येतो. त्यात एप्रिल-मे मध्ये धार बारीक, वर सांडपाणी. नदीत मेलेले मासे तरंगताना आपण पाहिलेत. अशा वेळी मासा दमवून दमवून काढला आणि मग सोडला, तरी तो पुढे जाऊन मरतो. म्हणून ‘बारीक धाग्यावर मोठा मासा खेळवला’ ही फुशारकी नको. सोडायचा असेल तर जाड लीडर घ्या, लवकर काठाला आणा. गळाचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका. हात ओले करूनच मासा धरा, कारण अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच. तोंड धारेकडे करून धरा आणि तो स्वतः निसटेपर्यंत थांबा. मे महिन्यात पाणी उकडत असेल त्या दिवशी गळ घरीच ठेवा.

एका श्रोत्याने चिठ्ठी पाठवली आहे: “सुरुवात कुठून करावी? महसीर आमच्या नशिबी कुठला!”

चांगला प्रश्न. चिलापीपासून करा. तो बाहेरून आलेला मासा आहे, तळ्यात मुबलक आहे, छोटी माशी घेतो आणि खायलाही चालतो. मरळ घाव मोठा घालतो, पण त्याचे दात धागा कापतात, तेव्हा तो नंतर. तलाव मच्छीमार सोसायटीकडे ठेक्याने असतात. तिथे आधी विचारा. ते पाणी भोई बांधवांचं पोट आहे, आपली हौस त्यानंतर. कोयना-चांदोलीच्या अभयारण्यात गळ टाकायचाच नाही. पावसाळ्यात मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हाही नाही. आणि तुटलेली तंगूस खिशात घालून घरी आणा. बगळ्याच्या पायाला ती फास होते.

आणि खरं तर नदीवर जाण्याआधी महिनाभर शाळेच्या मैदानावर जा. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा, तीस फुटांवर एक ताट ठेवा, आणि लोकर अलगद ताटात पडेपर्यंत फेकत राहा. पोरं हसतील, हसू द्या. ताटात दहापैकी सात पडायला लागली, की मग पाण्यापाशी या.